उत्तरांची पानं

साठी उलटल्यावर बादुक शिकायला घेतलं
आणि पहिली चूक केली ती शाळेतलीच:
वही आणली, समास आखला,
कोपऱ्यातले बेचाळीस ठरलेले डाव
लाल-निळ्या शाईत उतरवून काढले
आणि पाढे घोकावेत तसे घोकले,
भांडी घासताना, मोक्पोच्या धक्क्यावर
जाळी सांधताना, ओठांतल्या ओठांत.

मग समोर हारम बसली. वय वर्षं नऊ.
पुढचे दोन दात पडलेले,
खुर्चीवरून लोंबणारे पाय झुलतायत.
तिनं सातवा खडा ठेवला
वहीत नव्हता तिथे.

मी थांबले.
बेचाळीसच्या बेचाळीस डाव
एकमेकांच्या मागे लपले.
"आजी, तुमची पाळी."
एवढ्या मऊपणानं म्हणाली की जास्तच लागलं.

खोलीची मालकीण प्यो बाई
संत्रं सोलता सोलता म्हणाली,
"वही घरी ठेवा. ते जाडं पुस्तकही.
हे घ्या, पोरांचं. रोज वीस कोडी.
बघताक्षणी सुटेपर्यंत तीच तीच."

मला बालवाडीत बसवलं!
घरी येईपर्यंत धुमसत होते.
पण खरं सांगते, त्या पोरांच्या पुस्तकातही
उत्तरं शेवटच्या पानांवर,
आणि माझा अंगठा जातीचा चोर.
जरा अडलं की मागे जायचा.
"हेच तर सुचलं होतं मला," म्हणत म्हणत
दोनशे कोडी सोडवली मी,
एकही न सोडवता.

एका रात्री जाळी कापायची सुरी काढली,
उत्तरांची पानं शिवणीपासून कापली
आणि खालच्या तोफूवाल्या कूच्या हातात दिली.
"ठेव. मागितली तरी देऊ नकोस.
फक्त शुक्रवारी."

आता पहाटे, पहिल्या बोटीचा भोंगा व्हायच्या आत,
उबदार जमिनीवर बसते,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
हे हात पस्तीस वर्षं माझ्या पुढे धावलेत,
डोळे समुद्रावर, सुई आपली चालूच.
इथे त्यांना थांबायला शिकवायचंय.
खडा उचलायचा नाही. नुसतं बघायचं.
पांढऱ्याला श्वास किती उरलेत.
काळ्याला दुसरा डोळा कुठून मिळेल.

हरलेला डावही आता पुसून टाकत नाही.
जाळं फाटलं तर भोकाकडे बघत बसायचं नसतं,
कडेची पहिली शाबूत गाठ शोधायची,
तिथून धागा धरायचा.
हे मला आईनं शिकवलं होतं,
मीही नंतर चारचौघींना शिकवलं,
पण पटासमोर बसल्यावर
आठवायला सात महिने लागले.

गेल्या शुक्रवारी कू म्हणाला,
"बाई, एकोणिसावं बघितलंत?
काळा आपण होऊन मरायला जातो,
आणि त्यानंतर सगळे जगतात. असं का?"
पानांवर वाफेचे डाग, कडा फुगलेल्या.
खेळाचा एक नियम माहीत नाही त्याला,
नुसते आकडे घातलेले खडे बघत
रात्री तो प्रश्न रचत बसतो.
मला हसू आलं, मग थोडा हेवाही वाटला.
माझ्याकडे प्रश्न आहेत, त्याच्याकडे उत्तरं,
आणि झोप दोघांनाही नाही.

आज हारमनं पुन्हा
नको तिथे खडा ठेवला.
मी हात मांड्यांखाली घेतले.
गाठ कुठे आहे, शाबूत गाठ?
इतका वेळ घेतला की
प्यो बाईचं दुसरं संत्रं सोलून झालं.
मग ठेवला.
हारमचे पाय झुलायचे थांबले.
थोडा वेळच.

हरलेच. अकरा घरांनी.
परतताना कूचं शटर अर्धं खाली होतं.
वाकून म्हटलं, "ते एकोणिसावं पान दे जरा.
आजच्या डावात असंच काहीतरी होतं."

आतून कढईवर झाकण पडल्याचा आवाज आला.
"आज बुधवार आहे," तो म्हणाला.